ब्रेक न लावता

उताराच्या तोंडाशी बाबांनी ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि मोटारसायकलचा आवाज एकदम बसला, मोठ्याने बोलणाऱ्या माणसाने मध्येच तोंड मिटावं तसा.

"आता बघ," हेल्मेटच्या आतून ते ओरडले. "इथून खालच्या वळणापर्यंत पेट्रोलचा थेंब जाणार नाही!"

ती त्यांच्या पाठीला चिकटून बसली होती. कोपरं अंगाशी, मान खाली, हनुवटी त्यांच्या खांद्यामागे. आपण ताठ बसलो तर वारा अडेल आणि मायलेजच्या चाचणीत उगाच खोट निघेल, म्हणून घरापासून ती अशीच वाकून बसली होती.

गाडी तिच्याहून वयाने मोठी होती. लेथवरची नोकरी संपल्यावर बाबांनी तिला स्वतःच्या हाताने फायबरचं आवरण चढवलं होतं. हेडलाइटपासून सुरू होऊन ते दोन्ही बाजूंनी गुडघ्यांवरून घोट्यांपर्यंत उतरत होतं. आई त्याला कपाट म्हणायची. "निघाले कपाटात बसून," असं शेजारणीला सांगायची. पण कपाट चढल्यापासून मायलेज वाढलं ते वाढलंच, आणि बाबा ते भेटेल त्याला ऐकवत सुटले. दूधवाला ते ऐकून होता, पोस्टमनही ऐकून होता.

तिला मात्र ते पटत नव्हतं. ती पंख्यांच्या कारखान्यात दिवसभर हवाच मोजत असे. हवेचा अडथळा वेगाबरोबर झपाट्याने वाढतो, पण बाबा चालवायचे त्या बेताच्या वेगाला तो मुळातच थोडा. तिथे नुसत्या आवरणाने फरक पडून पडणार किती? बाबा सांगत होते त्याचा दहावा वाटासुद्धा नाही. मग उरलेलं पेट्रोल वाचत होतं कुठे? नक्कीच चालवण्यात. म्हणून आज ती मागे बसली होती.

आणि उत्तर तिला जवळजवळ मिळालंही होतं. बाबा गाडी लवकर वरच्या गिअरमध्ये टाकत, पुढे सिग्नल लाल दिसला की लांबूनच ॲक्सिलरेटर सोडत आणि गाडी वाहू देत. ते पोचेपर्यंत सिग्नल हिरवा होई. रस्त्यातल्या गाई, रिक्षा, शाळेतून सुटलेली मुलं, सगळं त्यांना आधीच दिसत असे. घरापासून इथवर त्यांनी एकदाही ब्रेक लावला नव्हता. ब्रेक म्हणजे जाळलेलं पेट्रोल फेकून देणं. इतकं सोपं! ती मनातल्या मनात बाबांना शाबासकी देत होती.

उतार अर्धा झाला तेव्हा शाबासकी विरली.

वेग वाढत होता आणि वाढतच होता. एरवी उतारावर वारा छातीवर येतो, गाडीला थोडं मागे ओढतो. इथे आवरणाच्या आत सगळं शांत होतं. फुकटात थांबवणारा वारा बाबांनी स्वतःच्या हातांनी काढून टाकला होता. तिने त्यांच्या खांद्यावरून डोकं वर काढलं.

वळणाच्या अलीकडे गोदामाच्या फाटकातून एक ट्रक उलटा बाहेर येत होता. लोखंडी नळ्यांची टोकं मागे लोंबत होती. एक माणूस मागच्या फळीवर थापा मारत ओरडत होता, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे."

अंतर अजून होतं. ब्रेक लावला तर पुरेसं होतं. आणि बाबांनी तो लावला, हे तिला कळलं, कारण त्यांची उजवी मांडी तिच्या गुडघ्याला टणक लागली. ते सगळ्या ताकदीने दाबत होते.

गाडी मात्र तशीच पळत होती.

तिने खाली पाहिलं. इंजिन आणि आवरण यांच्यामधली फट रस्त्यावरच्या कुणाला दिसली नसती, मागच्या सीटवरून मात्र आतलं सगळं दिसत होतं. बाबांचा बूट फूटरेस्टवरच होता. टाच बाहेर वळली होती, आणि तो बूट फूटरेस्टचं रबर जीव खाऊन दाबत होता. ब्रेकचं पेडल त्याच्या शेजारी मोकळं होतं.

"बाबा, पाय!"

"काय?"

"पाय! ब्रेकवर नाहीये पाय!"

त्यांनी खाली पाहिलं. त्या वेगात, रस्त्यावरची नजर काढून, खाली पाहिलं. मग त्यांचा उजवा हात आवळला, पुढचा जुना ब्रेक किंचाळला, गाडी नाक खुपसल्यासारखी झुकली, पण थांबली नाही. थापा मारणाऱ्या माणसाने त्यांना पाहिलं आणि त्याचा हात हवेतच राहिला. नळ्यांची गंजलेली तोंडं तिला एक एक वेगळी दिसली. तिने डोळे मिटले.

गाडी डावीकडे कलली. खालून खडी उडाली, मागचं चाक घसरलं, सावरलं, आणि अंगातला वेग कुणी ओढून घ्यावा तसा ओसरला. आचका देऊन इंजिन बंद पडलं.

तिने डोळे उघडले. ते वीटभट्टीकडे जाणाऱ्या कच्च्या चढावर उभे होते. मागे, खाली, ट्रकवाला काहीतरी शिव्या देत होता.

बाबांनी हेल्मेट काढलं. चेहरा राखेसारखा झाला होता. तरी ते बोलायला लागले.

"बघितलंस? हा चढ मी हेरून ठेवलाय. उतारावर काही आडवं आलं तर सरळ इथे शिरायचं, गाडी आपोआप थांबते. अशा जागा ठरवून ठेवल्यात मी. पुढे पंपाजवळ एक आहे, शाळेमागे एक."

ती उतरली. पेडल बघतेय असं दाखवत ती गाडीजवळ बसली आणि मोज्याच्या वर, त्यांच्या घोट्यावर तिने अंगठ्याचं नख टेकवलं. बाबा कार्बोरेटरबद्दल सांगत होते. तिने नख दाबलं. ते हवा आणि पेट्रोलच्या प्रमाणावर आले. तिने आणखी दाबलं, नख पांढरं पडेपर्यंत. बाबा बोलत राहिले.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय कधीपासून?"

"बाबा."

ते रचलेल्या विटांकडे बघत राहिले. "आधी मुंग्या यायच्या. मग त्या यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, बरा झाला पाय."

"आणि डॉक्टर? मागच्याच आठवड्यात गेला होतात ना? त्यांना काय सांगितलंत?"

"मायलेज सांगितलं." त्यांनी हसून पाहिलं, पण ते जमलं नाही. "हे बघ, आईला बोलू नकोस. घाबरून जाईल ती."

आई. दुपारी आई याच सीटवर बसणार होती. दर आठवड्याला मावशीकडे जायची ती, टेकडीपलीकडे, याच उतारावरून. इतके दिवस ती बसत होती.

"बस," बाबा म्हणाले. किक मारूनही झाली होती.

मी चालवते, असं तिने म्हणायला हवं होतं. चालवायला बाबांनीच शिकवलं होतं तिला. पण गल्लीत सगळ्यांच्या देखत बाबा मागे बसून येताहेत, हे चित्र तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि ती गप्प मागे बसली. सपाटीच्या रस्त्याने ते घरी निघाले, सायकलवाले पुढे जात होते इतक्या हळू. ती वाकून त्या फटीत डोळे लावून होती.

"आहे," ती त्यांच्या कानाशी म्हणत होती. "आहे. आहे. सरकला, आत घ्या. हां, आहे."

बाबा मुकाट्याने पाय आत घेत होते. एवढ्या आयुष्यात त्यांनी तिचं इतकं निमूट कधी ऐकलं नव्हतं, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

घरी आई मावशीसाठी ब्लाउजचं कापड घडी करून पिशवीत घालत होती.

"आई, आज नको ना जाऊस."

"का गं? सकाळपासून तीनदा फोन झालाय तिचा. मी गेले नाही तर तीच इथे येईल आणि चार दिवस राहील. चालेल?"

ती दाराशी उभी राहिली. नखाच्या टोकावर त्या घोट्याचा थंडपणा अजून तसाच होता. बोलले तर बाबांचं बाहेर जाणं संपलं. नाही बोलले तर... ट्रकच्या त्या नळ्या पुन्हा डोळ्यांसमोर आल्या. "आई," तिने सुरुवात केली, तेवढ्यात अंगणातून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, आणि ती धावलीच.

बाबा बुटक्या स्टुलावर बसले होते. आवरणाचा उजवीकडचा खालचा भाग त्यांनी सोडवला होता, शेवटचा स्क्रू तेवढा निघत नव्हता. आत पेडल, फूटरेस्ट, साखळीवरची तेलकट धूळ, सगळं उघड्यावर आलं होतं.

"इथून दिसायला हवं," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "मायलेज पडेल थोडं."

तिने स्क्रूड्रायव्हर घेतला, शेवटचा स्क्रू काढला. फायबरचा तुकडा हातात आला तर किती हलका होता.

"डावीकडचाही काढू?"

"नको. तो पाय अजून माझा आहे."

आई केव्हा येऊन उभी राहिली ते दोघांना कळलं नाही. तिच्या दोन्ही हातांत हेल्मेटं होती.

"काढलंत का? बरं झालं," ती म्हणाली. "इतके दिवस मला माझा पाय पुढे घालून चाचपावं लागत होतं, तुमचा ब्रेकवर आहे की नाही ते. कंबर मोडून गेली माझी."

बाबांनी मान वर केली. आईने एक हेल्मेट स्वतःच्या डोक्यात घातलं, पट्टा लावला, आणि दुसरं मुलीच्या हातात दिलं.

"चल, तू बस पुढे. मावशी ओरडेल."

मग बाबांनी खिशातून किल्ली काढली, पँटला पुसली, पुन्हा एकदा पुसली, आणि पुढे केली.

"दुसऱ्या गिअरमध्ये ताणत बसू नकोस. पेट्रोल खाते ती."

"हो."

"सिग्नल लांबून बघायचा."

"हो बाबा."

"आणि उतारावर..." ते थांबले. "उतारावर ब्रेक लाव. लागेल तेवढा लाव. जाऊ दे पेट्रोल."

तिने किक मारली. आईने मागून तिचा खांदा धरला. बाबा गाडीला धरून उठले, वाकले, तिचा उजवा बूट कुठे टेकलाय ते नीट पाहिलं, आणि मगच बाजूला झाले.