मंतरलेले तांदूळ

नाशकात भद्रकालीतल्या खंडेराव शेठच्या भट्टीवर आम्ही पाच-सहा बायका फुटाणे भाजायचो, आणि फुटाणा झाला की नाही ते सांगायची फुलाबाई. पेठकडच्या डोंगरातली बाई. हे काम शेठनंच तिच्या गळ्यात घातलं होतं. तापल्या कढईतून झाऱ्यावर दोन-चार दाणे काढायचे आणि गरमच दाढेखाली फोडायचे. निवायची वाट पाहिली तर अख्खा घाणा करपायचा, आणि मग शेठच्या शिव्या.

तिच्या तोंडात कायम फोड. गालाच्या आतून, टाळूला, रक्तानं भरलेले, करवंदासारखे काळे. एक फुटला की दुसरा. शेठ म्हणायचा, "विडा कमी खा, उष्णता झालीय तुला." विडा! तिला मीठ-भाकर गिळवत नव्हती आणि हा विड्याच्या गोष्टी सांगत होता.

काळारामाच्या दारात सत्याग्रह चालू होता, तेव्हाची ही गोष्ट. शेठाणीची सोन्याची बुगडी हरवली. शेठनं सटाण्याचा एक भगत आणला. त्यानं तांदूळ मंतरले, आम्हाला भट्टीसमोर बसवलं आणि मूठमूठ कोरडे तांदूळ चावायला दिले. जी चोर असेल तिच्या तोंडातून रक्त येणार म्हणे.

मी चावून थुंकले. पांढरं. बाकीच्यांचंही पांढरंच. फुलाबाईनं तांदूळ दाढेखाली घेतले, कळवळली आणि थुंकली. लाल.

"हीच चोर शे!" भगत ओरडला.

"मी नाय घेतली, शेठ," फुलाबाई एवढंच म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "फुलाबाई, तोंड उघड. शेठ, बघा! हा फोड तुमच्या फुटाण्यांनी आलाय. तांदळानं तो फुटला. ह्यात चोरी कुठं हाय?"

शेठ वाकून बघायलाही तयार नव्हता. भगत म्हणाला, फोड म्हणजे देवीनंच केलेली खूण. झालं! शेठनं तिला हाताला धरून रस्त्यावर काढलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात चोरटी म्हणाला. आता नाशकात तिला कोण उंबऱ्याशी उभं करणार होतं? गावाकडे लेकीची सोयरीक ठरत आली होती. चोरटीच्या लेकीला कोण सून करून घेणार होतं?

दोन-तीन दिवसांनी बुगडी सापडली. शेठाणीच्याच उशीच्या अभ्र्यात. मला वाटलं, आता तरी ह्या माणसाला लाज वाटेल. तर तो म्हणतो कसा, "बघा तांदळाची ताकद! घाबरून आणून ठेवली बाईनं." जिला भट्टीची पायरी चढू दिली नव्हती, ती शेठाणीच्या उशीपर्यंत पोचली कशी? मी हे तोंडावर विचारलं. शेठ म्हणाला, "चंद्रभागे, तू कामाकडे बघ."

काम तरी कुठं धड होत होतं? एक घाणा कच्चा, एक कोळसा. गिऱ्हाइकं माल परत आणू लागली. तेव्हा शेठनं फुलाबाईला निरोप धाडला, माफ केलं म्हणून. माफ केलं! तिला!

ती आली. पदर खोचून सरळ कढईपाशी गेली. शेठ खूश होऊन पुढं झाला. तिनं झाऱ्यावर धगधगते दाणे काढले आणि त्याच्यासमोर धरले.

"आधी तुम्ही चावा, शेठ. ह्या घाण्याचे, मग पुढच्या घाण्याचे, सांजपर्यंत. मग ते तांदूळ चावा. थुंकी पांढरी आली तर मी चोर."

आम्ही सगळ्यांनी झारे खाली ठेवले. गल्लीतली माणसं दाराशी जमली होती, त्या दिवशी चोरटी हा शब्द ऐकलेली तीच माणसं. शेठनं इकडंतिकडं पाहिलं. शेवटी एक दाणा उचलला, ह्या हातातून त्या हातात टाकला आणि फुंकर मारू लागला.

"फुंकायचं नाय, शेठ," मी म्हणाले. "घाणा करपतोय."