चार वाजताची प्रार्थना

चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत आजाऱ्यांची यादी वाचायचं काम ताईंकडे येऊन अकरा वर्षं झाली होती, आणि अकरा वर्षांत त्यांचा आवाज एकदाही अडखळला नव्हता. मंडळीत सगळे त्यांना प्रार्थनाताई म्हणत. खरं नाव पाळकसाहेबांच्या वहीत असेल तेवढंच. कुणाचं दुखलंखुपलं, कुणाचं ऑपरेशन ठरलं, कुणाच्या सुनेला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं, की पहिला फोन ताईंना. ताई म्हणत, "ठेवते हो प्रार्थनेत." एवढं ऐकलं की पलीकडचा माणूस निर्धास्त व्हायचा. आणि नाव यादीत टाकलं की ताईही निर्धास्त व्हायच्या.

यादी शनिवारी तयार होई. गेल्या आठवड्याचा कागद डावीकडे, कोरा उजवीकडे, मधे चहाचा कप. नवं नाव खाली जोडायचं, कुणी "आता बरंय हो" असं कळवलं तर त्याचं गाळायचं, बाकी होतं तसं उतरवायचं. ताई शर्टांच्या कारखान्यात काजं करत, मशीनवर, दिवसाला आठशे-नऊशे. त्या कामाला डोकं लागत नाही. हात आपले सरकत राहतात आणि डोकं घरी जाऊन भाजी निवडून येतं. यादीचंही तसंच झालं होतं, पण ते ताईंच्या लक्षात यायला तो रविवार उजाडावा लागला.

"हे दयाळू प्रभू," ताई वाचत होत्या, "घड्याळवाल्या बंधूंच्या पत्नीला तिच्या दुखण्यातून उठव. तिच्या पावलांत बळ घाल. तिला लवकरच आमच्यामध्ये आणून बसव."

"आमेन," मंडळी म्हणाली. शंभर-सव्वाशे माणसं, एका दमात.

पुढची दोन नावं वाचून झाल्यावर त्यांनी मान वर केली. तिसऱ्या बाकावर घड्याळवाला बसला होता, बऱ्याच आठवड्यांनी आलेला. सगळ्यांचे डोळे मिटलेले, त्याचे तेवढे उघडे. तो ताईंकडेच बघत होता. शेजारच्या जागेवर त्याने आपला कोट घडी करून ठेवला होता.

त्याची बायको जाऊन सात आठवडे झाले होते.

ताईंना ठाऊक नव्हतं असं नाही. त्या मातीला गेल्या होत्या. नंतर सभागृहात चहाचे कागदी कप त्यांनीच फिरवले होते, आणि घड्याळवाल्याला "साखर चालते ना?" असंही विचारलं होतं.

त्यांनी कागद मेजावर ठेवून वर हात दाबून धरला. आता कुणीतरी उठेल, असं त्यांना वाटलं. कुणीतरी म्हणेल, ताई, अहो, काय वाचलंत हे. पण कुणी उठलं नाही. पेटी वाजली, गीत सुरू झालं. दारात पाळकसाहेबांनी हात हातात घेतला आणि म्हणाले, "आजच्या विनंत्या फार हृदयस्पर्शी झाल्या, ताई."

घरी ताई आणि त्यांची नणंद, दोघीच राहत. नणंद पोस्टात. आयुष्यभर पाकिटांवर शिक्के मारून तिचं बोलणंही तसंच झालेलं, एक ठोका आणि संपलं.

"वन्सं, मी आज कुणाकुणासाठी प्रार्थना केली, आठवतंय?" ताईंनी वाटेत विचारलं.

"आजाऱ्यांसाठी."

"हो, पण कोण कोण आजारी?"

"मी काय डॉक्टर आहे का, वहिनी?"

"तुम्ही आमेन म्हणालात ना पण?"

"तू थांबलीस, मी म्हणाले. तू थांबतेसच त्यासाठी."

आपण मेलेल्या बाईला चालायला लावलं, आणि ते ऐकलं फक्त एका माणसाने.

कारखान्याच्या वाटेवरच घड्याळवाल्याचं दुकान. सोमवारी ताई मागच्या गल्लीने गेल्या, मंगळवारीही. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तो फाटकाशी येऊन उभा राहिला. ताईंनी त्याला खिडकीतूनच पाहिलं. ओरडू दे, पण आत येऊन सगळ्या बायकांसमोर नको, एवढंच मनात घेऊन त्या बाहेर गेल्या.

"ताई, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "रागावणार नाही ना?"

"रविवारचं माझ्याकडून…"

"रविवारचं राहू द्या. माणूस चुकतं. मी त्याच्या आधीचं विचारतोय." त्याने कोटाची गुंडी लावली, सोडली, परत लावली. "तिने तुम्हाला फोन केला होता, दुखणं कळलं तेव्हा. तुम्ही म्हणाला होतात, रोज चार वाजता तुझ्यासाठी प्रार्थना करीन."

ताईंना तो फोन आठवला. चार वाजता असं त्या म्हणाल्या होत्या खऱ्या. वेळ सांगितली की शब्दाला वजन येतं, म्हणून.

"मी तिच्या खाटेजवळ घड्याळ लावून दिलं होतं," तो सांगत होता. "चार वाजायला आले की मला हाक. दुकानातून वर जायचो. उशी उंच करायची, तोंड पुसायचं, केस नीट करायचे. मग ती हात जोडून बसायची. म्हणायची, आता ताई माझ्याबद्दल बोलतायत, आपण गप्प राहू या. नऊ महिने, एक दिवस खाडा नाही. शेवटी हात जुळेनात, तर मी धरायचो."

ताई फाटकाचा गज धरून ऐकत राहिल्या.

"रविवारी तुम्ही ते वाचलंत, आणि माझ्या मनात भलतंच आलं. म्हटलं, ती गेलेली यांच्या ध्यानात नाही, तर ती होती हे तरी ध्यानात होतं का?" तो थांबला. "म्हणून विचारतो. तुम्ही करत होतात ना? रोज?"

खरं सांगायला एक श्वास पुरला असता. तेवढ्या वेळात ताईंच्या तोंडाने आपलं काम उरकलं होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "रोज. चार वाजता."

त्याचे खांदे खाली आले. "बरं झालं," तो म्हणाला. "रविवारपासून डोळ्याला डोळा नव्हता. आज लागेल." आणि गेला.

खरी भीती त्यानंतर सुरू झाली.

दुपारी भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. ताई मशीन बंद करून हात धुवायच्या खोलीत गेल्या, कडी लावली आणि डोळे मिटले. निदान आज तरी, त्यांना वाटलं. "हे दयाळू प्रभू, तुझ्या अपार कृपेने…" नळ सोडल्यासारखी वाक्यं धो धो यायला लागली, एकाला एक लागून, कुठे टाका सुटला नाही. ताईंनी ती थांबवली आणि त्यांच्याखाली काय आहे ते चाचपून पाहिलं. खाली काहीच नव्हतं. कढईतलं सगळं वाढून झाल्यावर झारा नुसता तळाला खरखरतो, तसं. हे कधीपासून असं आहे, हेही त्यांना आठवेना.

देव नसला तर काय, ही भीती त्यांना कधी शिवली नव्हती. आताही नाही. अंगावर काटा आला तो उलट्या विचाराने. तो होता. नऊ महिने रोज चार वाजता त्याने कान लावला असणार. तिकडे ती बाई हात जोडून गप्प, कारण तिच्यासाठी बोलणारं माणूस ठरलेलं होतं. आणि इकडे ते ठरलेलं माणूस कॉलरला किती काजं राहिली ते बघत होतं. आणि तो दोन्हीकडे ऐकत होता. आत्ताही, या खोलीत, नळ ठिबकत असताना, तो ऐकत होता.

मग कडी काढून त्या मशीनवर परतल्या.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी सगळं नणंदेला सांगितलं. ती गॅसपाशी उभी होती.

"मग झालं काय?" नणंद म्हणाली. "गेलेल्या बाईला आता फरक पडत नाही, आणि त्याला झोप लागली. खरं सांगून कुणाचं पोट भरलंय? गप्प बस."

"मी खोटं बोलले, वन्सं."

"चांगल्यासाठी बोललीस." तिने आमटी ढवळली. ढवळता ढवळता तिचा हात मंदावला. "वहिनी, माझा गुडघा आहे ना यादीत?"

"आहे."

"किती दिवस आहे?"

"दोन वर्षं."

"आणि?"

ताईंनी मान खाली घातली. नणंदेने गॅस बंद केला. ती चिडली असती, एखादा टोमणा मारला असता, तर ताईंना बरं वाटलं असतं. ती नुसती "बरं" म्हणाली, आणि गुडघ्यावर हात ठेवून स्टुलावर बसून राहिली.

शुक्रवारी कारखाना साडेपाचला सुटला. ताई समोरच्या रस्त्याने निघाल्या. एकदा त्या औषधाच्या दुकानापाशी थांबल्या आणि काचेतल्या खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या मोजत राहिल्या. परत फिरायचं ठरवलं, आणि परत फिरायचं म्हटल्यावर जास्तच भीती वाटली. तेव्हा पुढे गेल्या.

घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाच्या पोटात चिमटा घालून बसला होता. "या ताई," तो मान न उचलता म्हणाला. "बसा."

"मी उभीच बरी." त्यांनी काउंटरची कड धरली. "मी परवा खोटं बोलले. मी चार वाजता प्रार्थना करत नव्हते."

चिमटा जागच्या जागी थांबला.

"रोज नाही, असं म्हणायचंय?"

"एकदाही नाही. फोन आला त्या दिवशी, फोन ठेवता ठेवता, 'प्रभू, हिला बरं कर' एवढं म्हणाले. मग दूध उतू गेलं. त्यानंतर फक्त रविवारी, कागदावरून."

त्याने भिंग काढून ठेवलं. भिंगामुळे डोळ्याभोवती लाल वर्तुळ उमटलं होतं. दुकानातल्या भिंतीवर वीस-पंचवीस घड्याळं होती, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही, आणि सगळी चालू.

"तुम्ही नाही केली," तो शेवटी म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "तिने नाही केली, कारण तुम्ही करताय म्हणून. मी तर उशी वर करून खाली यायचो. ताई आहेत, म्हटलं, त्यांना जमतं, आपल्याला कुठे जमतं. मग नऊ महिने त्या खोलीत प्रार्थना केली कुणी?"

त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि आपलाही पडला असणार हे त्यांना गालांवरून कळत होतं. दोन म्हातारी होत आलेली माणसं काउंटरच्या दोन बाजूंना, घराला आग लागली नि दोघांनाही वाटलं की दुसऱ्याने बंब बोलावलाय, अशी उभी होती.

"मला माफ करा, असं म्हणायला मी आले नाही," ताई म्हणाल्या. "नाही केलंत तरी चालेल. तुम्ही त्या खोट्याला टेकून झोपताय, ते मला बघवेना."

"झोपच काढून घेतलीत, म्हणजे."

"हो."

"चांगलं काम केलंत." तो कडवट हसला. मग म्हणाला, "आता करा."

"काय?"

"प्रार्थना. माझ्यासाठी. आत्ता, इथे. पण ती तुमची वाक्यं नकोत. ती मला पाठ आहेत."

ताईंची पाचावर धारण बसली. शंभर माणसांसमोर उभं राहताना कधी असं झालं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. "हे दयाळू" जिभेवर आलं, त्यांनी ते गिळलं. दुसरं आलं, तेही गिळलं. मग काहीच येईना. बाहेरून एक रिक्षा गेली. दाराची घंटी वाजली, कुणीतरी आत पाऊल टाकलं आणि तसंच थबकलं. ताईंचे कान तापले, पण त्यांनी डोळे उघडले नाहीत. आता उघडले तर पुन्हा कधी मिटायची हिंमत व्हायची नाही, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

"देवा," त्या म्हणाल्या. आवाज फाटला. "मला भीती वाटते. तू ऐकतोस याचीच वाटते. या माणसाने बायकोचे हात धरले, आणि मी आले नाही. मी कितीतरी वर्षं आले नाही, नुसतं आले म्हणत राहिले. यांना झोप दे. खरी दे. आणि मला… मला काय मागायचं तेही समजत नाही. मला इथून हाकलू नकोस."

आमेन म्हणायला जीभ आपली आपण वळली. ताईंनी ती दातांखाली धरली. अजून संपलं नव्हतं, आणि काय उरलं ते सापडतही नव्हतं. त्या तशाच उभ्या राहिल्या. पण कढईचा तळ आज खरखरला नाही. तिथे काहीतरी होतं, दुखणारं, आपलं.

"आणि मला," काउंटरपलीकडून घड्याळवाला म्हणाला. मोठ्याने बोलायची सवय नसलेल्या माणसासारखा. "मलाही नको हाकलूस."

ताईंनी डोळे उघडले. दारात पट्टा तुटलेलं घड्याळ हातात घेऊन एक बाई उभी होती, आत यावं की जावं अशा विचारात. घड्याळवाल्याने बाहीने तोंड पुसलं आणि भिंग उचललं. "बसा," तो तिला म्हणाला. "दोन मिनिटं."

मग ताईंकडे वळला. चेहऱ्यावर माफी नव्हती, पण रागही जागेवर राहिला नव्हता.

"पुन्हा येणार?"

"रोज असं नाही सांगत," ताई म्हणाल्या. "उद्या येते."

"या. आणि नाही आलात तर नाही आले म्हणा."