एकशे पंधराची रेघ

“टाचा टेकव. मान सरळ. हं, आता हलू नकोस.”

आईनं टिल्लूच्या डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरली, अंगठ्यानं दाबली आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं रेघ मारली. मग गळ्यातली टेप काढून, इंचांची बाजू आत वळवून, सेंटिमीटरची बाजू जमिनीपासून रेघेपर्यंत लावली. एकशे तेरा. गेल्या रविवारी एकशे तेरा, त्याच्या आदल्या रविवारीही एकशे तेरा. नवी रेघ जुन्या रेघांवरच पडत होती, त्यामुळे तिथं रेघ कसली, काळा पट्टाच झाला होता. त्याच्या बोटभर वर लाल खडूनं ओढलेली एकशे पंधराची रेघ मात्र कोरी करकरीत होती.

“तसूभरही हलला नाही,” आई म्हणाली.

“तूच म्हणालीस ना, हलू नकोस,” असं म्हणून टिल्लू पळालासुद्धा. सहा वर्षांच्या पोराला मापातून सुटल्याचा एवढा आनंद का व्हावा, असा प्रश्न तिला पडायला हवा होता. पण ती रेघेकडे बघत होती.

घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चाले. कापायच्या टेबलावरच्या भिंतीला सध्या एक भलामोठा खाकी कागद टाचलेला होता. असल्या कागदावर ती कोटांचे, झग्यांचे नमुने आखत असे. या कागदावर खडूनं दोन दिवसांची सहल आखलेली होती. थीम पार्कचं फाटक साडेनऊला उघडणार, तर आपण नऊला रांगेत. आधी लांबचे पाळणे, कारण गर्दी जवळच्यांपासून सुरू होते. बाराला जेवण, एकला सावलीतली आगगाडी, म्हणजे टिल्लू पेंगला तरी चालेल. जादा कपड्यांची पिशवी बाबांच्या खांद्यावर, पाण्याच्या बाटल्या तिच्या. आणि पहिल्या दिवशी बरोबर चार वाजता, दुहेरी चौकटीत: गरुडझेप. ताई, टिल्लू.

“युद्धाला निघालोय की सहलीला?” बाबा रोज एकदा विचारत. ते गोदामात कामाला होते. ओझी उचलून उचलून त्यांच्या पाठीचे दोन मणके सरकले होते आणि डॉक्टरांनी साधे खड्डेसुद्धा चुकवायला सांगितले होते, तिथं गरुडझेपेसारख्या उंच पाळण्याचं नावच नको.

“मागच्या वर्षी तुम्ही होतात ना तिथं? मग विचारू नका,” ती म्हणे.

मागच्या वर्षी आखणी नव्हती. चौघं हसतखेळत गरुडझेपेच्या दाराशी पोचले तर तिथल्या माणसानं उंची मोजायची काठी पुढं केली. एका डब्यात दोघं बसणार. बारा वर्षांच्या आतलं मूल एकटं बसवत नाहीत, शेजारी कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी एकशे पंधराच्या वर हवं. टिल्लू कमी भरला आणि त्यानं भोकाड पसरलं. बाबांनी पाठीवर हात ठेवला. आईनं वर पाहिलं, तो डबा आभाळाला टेकून खाली कोसळताना पाहिला आणि ती दोन पावलं मागं सरली. “मला भोवळ येते गं,” ती ताईला म्हणाली. ताई तेव्हा आठ वर्षांची होती. ती रडली नाही, हट्ट केला नाही. कठड्याला नाक लावून तिनं एकामागून एक सात डबे जाताना पाहिले आणि हातातलं आइस्क्रीम कोपरापर्यंत ओघळलं तरी तिला कळलं नाही. परतीच्या वाटेवर ती शब्दानं बोलली नाही. आरडाओरडा केला असता तर आईनं दोन धपाटे घालून विषय संपवला असता. त्या गप्प बसण्यानं मात्र तिचा जीव पोखरला. या वर्षी ताई त्या डब्यात बसणार म्हणजे बसणार, अशी तिनं मनाशी खूणगाठ बांधली. आणि शेजारी कोण, तर टिल्लू. फक्त त्याला वाढवायचं होतं.

त्याच्या वाढीमागं ती हात धुऊन लागली होती. सकाळी दूध, संध्याकाळी दूध, मधे अंडं. जिन्याखालच्या दांड्याला रोज शंभर आकडे होईपर्यंत लोंबकळायचं. टिल्लू निमूटपणे लोंबकळे.

“अगं, लांब होतील ते नुसते हात,” बाबा म्हणत. “माकड होईल त्याचं.”

“होऊ दे. माकडं घाबरत नाहीत.”

सहल आठ दिवसांवर आली. बुधवारी दुपारी बँकेतल्या बाई कोटाचं माप द्यायला आल्या. बाई अंगानं भरलेल्या, स्वभावानं हसऱ्या. आईनं टेप कमरेभोवती नेली तसं बाईंनी पोट आत ओढलं आणि श्वास रोखून त्या छताकडे बघू लागल्या.

आईनं टेप वाचली नाही. ती नुसती धरून उभी राहिली. “मुलगी काय म्हणते? नोकरी लागली का?” तिनं सहज विचारलं.

“लागली की! अहो, परवाच...” बाई बोलू लागल्या, श्वास सुटला, पोट आपल्या जागी आलं. आईनं हळूच आकडा टिपला.

“तुम्ही फार लबाड आहात,” बाई हसत म्हणाल्या.

“सोडा हो श्वास. टेपला घाई नसते,” आई म्हणाली. हे वाक्य ती गेली बारा वर्षं म्हणत होती. कोपऱ्यातल्या स्टुलावर टिल्लू गृहपाठ करत बसलेला असे. त्यालाही ते पाठ झालं होतं.

बाई गेल्यावर तिनं उसवायच्या कपड्यांच्या ढिगातून टिल्लूची शाळेची पँट ओढली. पुन्हा आखूड झाली होती. मेलं कापडच आटतं, असं पुटपुटत तिनं पायाची दुमड उसवली आणि पाय टेबलावर पसरून हातानं सपाट केला. कापडावर दुमडीच्या जुन्या खुणा होत्या. एक, तिच्याखाली दुसरी, आणि आताची तिसरी. चार महिन्यांत तिसऱ्यांदा ती ही पँट खाली सोडत होती.

तिनं कापड बोटांत चोळून पाहिलं. हे कापड तिनं स्वतः निवडलेलं होतं. वीस वेळा उकळलं तरी न आटणारं. मग तिनं पँट हातात धरूनच कोपऱ्यातल्या स्टुलाकडे पाहिलं. कापड आटत नाही आणि पोरगं वाढत नाही, हे दोन्ही एकदम खरं असणं शक्य नव्हतं. इतके रविवार तिनं त्याच्या डोक्यावरची पट्टी डोळ्यांत तेल घालून सांभाळली होती. त्या ढगळ पायजम्यात खाली काय चाललंय, ते एकदाही वाकून पाहिलं नव्हतं.

“या साहेब,” ती म्हणाली. “पँटचं माप द्या.”

“आज रविवार नाही,” टिल्लू लगेच म्हणाला.

“पँटचंच घेतेय. ये.”

तो चड्डीवर होता. चौकटीशी पाठ लावून उभा राहिला, आणि मान खांद्यांत किंचित आत गेली. गुडघे अगदी थोडे, दिसतील न दिसतील एवढे वाकले. सरावानं बसलेली गोष्ट होती ती. आईनं पट्टी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि नुसती धरून उभी राहिली.

“शाळेत त्या सशाला पिल्लं झाली म्हणे?”

“पाच!” टिल्लू म्हणाला. “एकाचे कान काळे आहेत, आणि आम्ही त्याला गाजर दिलं तर ते...” बोलता बोलता त्याचा श्वास सुटला, मान वर आली, गुडघे सरळ झाले. पट्टी तिच्या अंगठ्याखालून वर सरकली, लाल रेघ ओलांडून गेली.

एकशे सोळा.

त्यानं वर पाहिलं. पट्टी कुठं आहे ते त्याला कळलं आणि त्याचा चेहरा पडला.

“तुला जायचं नाहीये?” तिनं विचारलं.

तिनं गुडघे टेकले आणि त्याच्यासमोर बसली.

“मग मागच्या वर्षी एवढा रडलास कशाला?”

“मोजायच्या आधीपासूनच रडत होतो,” टिल्लू म्हणाला. “तुमचं लक्ष नव्हतं.”

“मला सांगायचंस की रे.”

“तू तिथं लिहिलंयस ना.” त्यानं खाकी कागदाकडे बोट केलं. “मी नाही गेलो तर ताईला पण नाही जाता येणार. पण मी लहान असलो तर ती माझी चूक नाही.”

आईला त्याचा राग आला नाही; स्वतःची लाज वाटली. भीती तिलाही होती, पण ती मोठी होती. “मला भोवळ येते” एवढं म्हणून सुटली होती. आणि सुटून जी जागा रिकामी झाली, तिथं बसवायला ती या पोराला चार महिने दूध पाजत होती.

बाहेर बुटांचा आवाज झाला. ताई शाळेतून आली. दप्तर खाली ठेवायच्या आतच तिनं चौकट, पट्टी आणि टेप पाहिली.

“आज मोजलं? किती?”

बारा वर्षांत आईनं कुणाचं माप खोटं लिहिलं नव्हतं. गिऱ्हाइकानं हात जोडले तरी नाही. तिनं पेन्सिल उचलली आणि काळ्या पट्ट्यावर आणखी एक रेघ मारली.

“एकशे तेरा.”

टिल्लूनं तिच्या झग्याची कड मुठीत धरली.

“बरं,” ताई म्हणाली. एवढंच. ती वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागली आणि नाड्या सुटल्या तरी वाकलेलीच राहिली. मागच्या वर्षीची ती गप्प मुलगी पुन्हा घरात शिरत होती.

आई उठली, कागदापाशी गेली. दुहेरी चौकटीतलं टिल्लूचं नाव तिनं तळहातानं पुसलं. खडू घेतला. अक्षर वेडंवाकडं आलं, पण वाचता येत होतं. ताई, आई.

ताईनं जवळ येऊन ते दोनदा वाचलं. “तुला गॅलरीतून खालीसुद्धा बघवत नाही.”

“मग बघणार नाही.”

“ओरडशील.”

“ओरडेन. तुझ्या कानात ओरडेन. चालेल?”

ताईच्या तोंडावर हसू आलं. तिनं ते दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. “थांब, बाबांना सांगते,” असं ओरडत ती अनवाणीच बाहेर धावली.

आई खुर्चीवर टेकणार होती. पण टिल्लूनं टेप तिच्या गळ्यातून ओढून घेतली होती आणि स्टूल फरफटत चौकटीपाशी आणलं होतं.

“तुझं माप घ्यायला हवं,” तो म्हणाला. “तिथं मोजतात.”

“मी भरेन रे.”

“तरी.”

ती चौकटीला पाठ लावून उभी राहिली. टाचा टेकवल्या, मान सरळ केली. टिल्लू स्टुलावर चढला आणि त्यानं पट्टी दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर धरली. तिनं डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढं तो डबा आभाळाला टेकला, आणि तिच्या छातीत श्वास अडकून बसला.

पट्टी डोक्यावर तशीच होती. पेन्सिलीचा आवाज येईना.

“घे ना माप,” ती म्हणाली.

“तू श्वास रोखलायस,” वरून टिल्लू म्हणाला. “सोड आधी. टेपला घाई नसते.”