तात्याबांच्या मेंढ्याची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. बारामतीच्या एका तांबटाने मला घडवले आणि सुप्याच्या तात्याबांनी आपल्या कळपातल्या पुढच्या मेंढ्याच्या गळ्यात बांधले. मी वाजेन तिकडे सारा कळप चाले. त्याचा मला तोरा होता, आणि का नसावा?

तात्याबांची नात वैष्णवी. १९९६ साली ती दहावीला इंग्रजीत नापास झाली. ऑक्टोबरलाही तेच झाले तर शाळा बंद, असे वडिलांनी बजावले. पोर जिद्दीची. मेंढरांमागे हिंडतानाही पुस्तक सोडत नसे. पण ‘हिअर’ आणि ‘लिसन’ या दोन शब्दांनी तिला रडकुंडीला आणले होते. दोन्हींचा अर्थ ऐकणे, मग शब्द दोन कशाला? सरांनी समजावले, तिने घोकले, तरी वाक्यात हमखास उलटेच पडे. हे उमजल्याशिवाय पुढचे पान उलटायचे नाही, असे तिने ठरवले.

त्या दुपारी ती बाभळीखाली घोकत बसली होती. तात्याबा घोंगडीवर लवंडले होते. तिकडे माझा पट्टा तारेच्या कुंपणात अडकला आणि मेंढ्याचा गळा आवळू लागला. मी जीव तोडून वाजत होते. तात्याबा ताडकन उठले.

“घंटा कशी वाजतीया?”

“वाजतीया की रोजच्यावानी,” मान वर न करता वैष्णवी म्हणाली.

“न्हाय. एकाच जागी वाजतीया.”

म्हातारा धावत सुटला. मागोमाग पळालेल्या वैष्णवीने खुरप्याने पट्टा कापला. मेंढा वाचला.

“कानावर समद्यांच्याच पडतं, पोरी,” धापा टाकत तात्याबा म्हणाले. “कान द्यावा लागतो.”

वैष्णवी माझ्याकडे बघतच राहिली. “माझ्या कानावर पडलं ते हिअर,” ती सावकाश म्हणाली, “आन तात्या, तुमी केलं ते लिसन.” पुढचे पान तिने तिथेच उलटले.

ती पास झाली आणि बारामतीच्या कॉलेजात गेली. पुढे कळप विकला गेला. थकलेल्या तात्याबांच्या खाटेशी मला खिळ्याला टांगले. पाणी हवे झाले की ते माझी दोरी ओढत. म्हातारा सारखाच वाजवतो म्हणत घरातली माणसे आपापल्या कामात राहत. मला फार वाईट वाटे.

दिवाळीच्या सुट्टीत वैष्णवी घरी आली. ती चुलीपाशी भाकरी थापत असताना मी वाजले, जरा अडखळत. पिठाच्या हातांनीच ती धावली. तात्याबा खाटेवरून अर्धे खाली घसरले होते. तिने त्यांना वेळीच सावरले.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाची तरी हाक रोज तुमच्या कानावर पडत असेल. आज तिला कान द्या.