टिटवीच्या पंखातली ओल

मित्रांनो, लाकूड, लोखंडी नळ्या आणि सुती कापड यांचं मिळून बनलेलं एक जुन्या घाटणीचं विमान आहे मी. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला नाही. वणीहून मारेगावला जाणाऱ्या रस्त्यालगत कापसातली सरकी काढणारी एक बंद पडलेली जिनिंग होती. कापूस येईनासा झाला तशी तिची यंत्रं थांबली, आणि तिच्या रिकाम्या पत्र्याच्या शेडमध्ये मी घडले. माझ्या शेपटीवर पिवळ्या अक्षरांत 'टिटवी' असं नाव आहे. विमान म्हटलं की तुम्हाला धाडस आठवत असेल. पण मी पहिल्यापासून भित्री आहे, आणि आज मी माझ्या भीतीचीच गोष्ट सांगणार आहे.

मला घडवलं कमलाकरकाकांनी. ते कोळशाच्या खाणीत इंजिनिअर होते. लहानपणी त्यांनी यवतमाळच्या एका मैदानावर दोन मजली पंखांचं, उघड्या बैठकीचं विमान उतरताना पाहिलं होतं. तसंच एक विमान आपल्या हातांनी बनवायचं, हे त्यांच्या डोक्यातून नोकरीभर गेलं नाही. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी ती शेड भाड्याने घेतली आणि झाडायला सुरुवात केली. कोपऱ्याकोपऱ्यात जुनी रुई चिकटलेली होती. पुढे कितीतरी महिने माझ्या ओल्या रोगणावर ती रुई येऊन बसायची आणि काका ती चिमटीने वेचून काढायचे.

आधी नळ्या जोडून माझा सांगाडा झाला. मग पंख आले. प्रत्येक पंखात या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा एक लांब लाकडी दांडा असतो. तो पंखाचा कणा. त्याला आडव्या फासळ्या चिकटवतात आणि वरून कापड ताणून बसवतात. माझं कापड शिवलं सुचित्राकाकूंनी, म्हणजे काकांच्या पत्नीनं. त्या पोस्टात नोकरीला होत्या. संध्याकाळी घरी जाण्याऐवजी शेडवर यायच्या आणि हातभर लांब सुई घेऊन एकेका फासळीला कापड टाचायच्या. सुई आरपार गेली की मला गुदगुल्या व्हायच्या. त्या टाचताना काही बोलत नसत. एकदा मात्र म्हणाल्या, "हे आभाळात जाईल या विचारानं माझे हात गार पडतात हो."

"भ्यायचं काय त्यात?" काका म्हणाले. "खाणीत एक माणूस भ्याला की दहा जणांना भीती लागते. भीती तोंडावाटे बाहेर काढायची नसते, सुचित्रा."

काकू गप्प झाल्या. मीही ऐकलं आणि गप्प राहायचं ठरवलं. तसंही मला बोलता कुठे येत होतं?

इंजिन एका मोडीत निघालेल्या विमानातून आलं. परवानग्या मिळवण्यात बराच काळ गेला. उडवायला कुणी तरी हवं होतं, तेव्हा उर्वशी भेटली. तिचे वडील प्रेमसिंग वणीत कोळशाचे ट्रक चालवायचे. मुलीनं नागपूरला विमान चालवण्याचं शिक्षण घेतलं होतं, पण नोकरी लागली नव्हती. ती आली, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि माझ्या नाकावर थाप मारून म्हणाली, "काका, हिले उडवाचं तर मले भेव वाटते. पण उडवीन."

काकांना ते आवडलं नाही. मला मात्र ती फार आवडली.

धावपट्टी म्हणजे नंदाबाईंचं शेत. त्या वर्षांत आमच्या भागात कापसाचं काही खरं नव्हतं. कधी बोंडअळी, कधी पाऊस उघडलेला, कधी भाव नाही. नंदाबाईंनी अर्धं शेत पडीक टाकलं होतं आणि अर्ध्यात कापूस, म्हणजे आमच्याकडची पऱ्हाटी, लावला होता. पडीक भाग त्यांनी आम्हाला दिला. अट एकच, "माह्या पऱ्हाटीत चाक नाही आलं पाहिजे."

पहिल्यांदा जमीन सुटली तेव्हा माझा एकूण एक खिळा थरथरला. खाली पत्र्याची शेड काडेपेटीएवढी झाली. वरखालच्या पंखांना बांधणाऱ्या तारांमधून वारा शिट्टी घालत होता. उर्वशी मागच्या बैठकीत बसून स्वतःशीच पुटपुटत होती, "हळू, हळू, बाई." ती मला सांगत होती की स्वतःला, कोण जाणे. आम्ही एक मोठी फेरी घेऊन उतरलो. लोक धावत आले. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. काका त्या दिवशी जो भेटेल त्याला फोटो दाखवत होते. स्वतः मात्र ते कधी माझ्यात बसले नव्हते. काकूंनी त्यांच्याकडून शब्द घेतला होता, की त्या स्वतः हो म्हणतील तेव्हाच बसायचं.

फोटो आल्यावर काकांना माझा रंग फिका वाटू लागला. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी मला नवा लाल रंग दिला. दोन हात, तीन हात, जाड आणि चकचकीत. मित्रांनो, माझ्या पंखांच्या खालच्या कडेला काही बारीक भोकं असतात. पंखात शिरलेलं पाणी त्यातून गळून जातं. डाव्या बाजूच्या खालच्या पंखाची भोकं त्या रंगाखाली बुजली. काकांच्या ते लक्षात आलं नाही. इतकी सुंदर दिसत होते मी, की कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मग पाऊस लागला. शेडचा पत्रा नेमका माझ्या डाव्या अंगावर गळत होता. पाणी तारेच्या फटीतून पंखात उतरलं आणि बाहेर जायला वाट नाही म्हणून तिथेच बसलं. नांगरटीच्या मातीत मुरते तशी ती ओल माझ्या कण्याला धरून राहिली. पाणी पुढे आटलं, पण लाकूड आतून काळं पडू लागलं, आणि फासळ्यांचा सरस सुटायला लागला. बाहेरून लाल, आतून काळी. ते मला एकटीला ठाऊक होतं. तारा आवळताना, पुसताना, कापडावर हात फिरवताना दर वेळी मला वाटायचं, आता कळेल. कळायचं नाही.

हिवाळ्यात उर्वशीनं मला दोनदा उडवलं. उतरताना माझा डावा पंख करकरला. तिनं मान वळवून पाहिलं, पण इंजिनाचा आवाज मोठा होता.

त्यानंतर काकूंनी एकदाचा होकार दिला. काका माझ्यात बसणार हे ठरलं. वणीच्या एका शाळेतली मुलं पाहायला येणार होती. सकाळी कोवळ्या उन्हात मला बाहेर काढलं. उर्वशी नेहमीसारखी माझ्याभोवती फिरली. चाकं पाहिली, तारा ओढून पाहिल्या, पेट्रोलमध्ये पाणी नाही ना ते पाहिलं. डाव्या पंखापाशी ती थबकली. तिनं तळहातानं कापड दाबलं.

"काका, इथं कापड ढिलं वाटून राह्यलं."

"थंडीनं होतं तसं. ऊन लागलं की ताणेल."

"उघडून पाहाचं का एकदा?"

"आज?" काकांनी मुलांच्या रांगेकडे पाहिलं. "अगं, मीच बनवलं आहे ते."

उर्वशीचा हात अजून कापडावरच होता. मला वाटलं, ती आता नाही म्हणेल. माझ्यात जेवढं लाकूड होतं तेवढं सगळं 'नाही म्हण' असं ओरडत होतं. पण काका वयानं मोठे होते आणि माझे निर्माते होते. तिनं पट्टा आवळला आणि मागे चढली. काका पुढे बसले. काकू दूर उभ्या होत्या, पदर मुठीत धरून.

मी धावू लागले. चाकांखालची ढेकळं मला डाव्या अंगातून कळत होती. जमीन सुटली आणि माझं सगळं ओझं पंखांवर आलं. मित्रांनो, त्या घटकेला मला जी भीती वाटली ती मी आजवर विसरले नाही. आत काहीतरी चर्रर्र करत गेलं. पंखाच्या मुळापासून कापडावर एक तिरपी सुरकुती उमटली आणि हळूहळू लांब होऊ लागली.

काकांनी ती पाहिली. त्यांच्या अगदी शेजारी होती. उर्वशी मागे होती, तिची नजर समोर होती. मला काकांचे गुडघे माझ्या भिंतीला लागलेले जाणवत होते. त्यांनी बैठकीची कड घट्ट धरली. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं आणि पुन्हा मिटलं. आम्ही वर वर चाललो होतो. अजून थोडं वर गेल्यावर उर्वशी मला डावीकडे वळवणार होती, आणि वळणावर त्या पंखाला दुप्पट जोर सोसावा लागणार होता. मी मनातल्या मनात म्हणत होते, काका, बोला. आज मोठेपण राहू द्या. बोला.

एरवी छापील मराठी बोलणारा तो माणूस अचानक ओरडला, "उर्वशी! मले भेव लागून राह्यलं! पंख पाह्य, डावा पंख!"

तिनं पाहिलं. इंजिन हळूच कमी केलं आणि माझं नाक अलगद खाली केलं.

"वळव ना! पट्टी मागं राह्यली!"

"वळलं तर तुटते, काका. समोरच उतरतो. डोकं खाली धरा."

समोर नंदाबाईंचा कापूस होता, फुटून पांढरा झालेला. उर्वशीनं मला त्यात असं ठेवलं जसं कुणी झोपलेलं मूल ठेवतं. पऱ्हाट्या माझ्या पोटाला फटाफट लागल्या. एक चाक मोडलं. मी उजवीकडे कलंडले आणि थांबले. नंतर ऐकू आला तो फक्त तापलेल्या इंजिनाचा टिकटिक आवाज.

काका कसेबसे उतरले. ते खाली बसले. काकू धावत आल्या, त्यांच्या चपला वाटेतच राहिल्या होत्या. त्यांनी नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, मग उर्वशीला चाचपलं, आणि मग पिशवीतली कात्री काढून माझ्या डाव्या पंखाचं कापड चिरलं. कुबट वास बाहेर आला. कणा काळा पडला होता आणि अर्ध्याहून जास्त फाटला होता.

"मी विचारलं होतं," उर्वशी म्हणाली. "विचारलं, अन् मंग ऐकून घेतलं. काहून ऐकलं मी?"

"तू ऐकलंस कारण मी तुला बोलू दिलं नाही," काका म्हणाले. "मी कुणालाच बोलू दिलं नाही."

नंदाबाई तोवर आल्या होत्या. मोडलेल्या पऱ्हाट्या पाहून त्यांनी कमरेवर हात ठेवले. "चाक नाही आलं पाहिजे म्हनलं होतं ना मी? तुमी तर अख्खं इमान आनलं!" मग त्यांनी काकांचा चेहरा पाहिला आणि त्यांचा सूर उतरला. "वरून आवाज आला मले. तुमीच वरडले ना? बरं केलं. भेव वाटलं तर माणसानं बोलाव. आमच्या गावात या दोन सालांत जे कास्तकार गेले, ते बोलले नाही कोनाजवळ. बोलले असते, तर असते आज."

शाळेची मुलंही तोवर येऊन उभी राहिली होती.

"आता उभे काहून राह्यले?" नंदाबाईंनी पदर खोचला. "आधी खाली पडला तो कापूस वेचा. इमान मंग उचला."

आणि मित्रांनो, सगळ्यांनी तो कापूस वेचला. मुलांनी, उर्वशीनं, काकूंनी आणि खाणीतल्या मोठ्या इंजिनिअर साहेबांनी. मी एका चाकावर कलंडून पाहत होते.

नंतरचे दिवस वाईट गेले. मला शेडमध्ये ढकलून ठेवलं आणि काका यायचे थांबले. फोटो काढणारेही फिरकले नाहीत. माझ्या उघड्या पंखात चिमण्या काड्या आणून टाकू लागल्या. आता मला वेगळंच भय वाटू लागलं, की ज्या हातांनी मला घडवलं त्यांनाच आता मला हात लावायची भीती वाटते.

एका दुपारी दार करकरलं. काका आणि उर्वशी दोघं आले होते. काका दारातच थांबले. मग म्हणाले, "मला भीती वाटते हिच्याजवळ यायची."

"मले बी," उर्वशी म्हणाली. "चला, दोघं मिळून भिऊ." आणि तिनं पाना उचलला.

त्यांनी माझे चारही पंख उघडले. नवा कणा बसवला, सगळ्या भोकांत तार घालून पाहिली, पत्र्याची गळती बंद केली. रंग या वेळी पातळ दिला. काकूंनी पुन्हा सुई घेतली, पण एक गोष्ट त्यांनी कापड शिवण्याआधीच ठणकावून सांगितली. इथे ज्याला भीती वाटेल त्यानं थांब म्हणायचं आणि बाकीच्यांनी थांबायचं. कारण नंतर विचारायचं.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी काकू स्वतः पुढच्या बैठकीत बसल्या. मी धावू लागले, शेपटी उचलली गेली, आणि काकू म्हणाल्या, "थांब!"

उर्वशीनं त्याच क्षणी इंजिन बंद केलं. आम्ही पट्टीच्या शेवटी जाऊन उभ्या राहिलो. काका धापा टाकत आले. तिघांनी मला नखशिखान्त तपासलं. काही सापडलं नाही. एक तारही सैल नव्हती.

"उगाच थांबवलं गं मी," काकू ओशाळून म्हणाल्या. "नुसतीच भीती वाटली."

"उगाच नाही," काका म्हणाले, आणि त्यांनी हात देऊन काकूंना खाली उतरवलं. त्या दिवशी मी उडाले नाही. मला शेडमध्ये नेऊन ठेवलं, अंगावर चादर घातली, आणि तिघं चहा प्यायला गेले.

मित्रांनो, मी पुढे पुष्कळदा उडाले. आता म्हातारी झाले आहे आणि आजही भिते. पण माझ्या साऱ्या आयुष्यात मला सर्वांत सुरक्षित वाटलं ते त्या न उडालेल्या सकाळी. तुमच्याजवळ सायकल असेल, बैल असेल, घरातलं माणूस असेल, त्याची वरवरची चकाकी पाहून समाधान मानू नका. आत हात घालून पाहा. आणि तुमच्यातलं कुणी जर म्हणालं की मला भीती वाटते, तर हसू नका. तेवढ्यापुरतं थांबा.