पहिल्या सुपर कपचा एकमेव गोल

देशाच्या फुटबॉल सुपर कपचा सगळा इतिहास एकाच माणसाला तोंडपाठ होता. तो माणूस म्हणजे बालिकचीचा काचकिनबाय, आणि हा मान त्याच्याकडे आला कारण दुसऱ्या कुणाला तो नकोच होता. लीग जिंकणारा संघ आणि कप जिंकणारा संघ वर्षातून एकदा समोरासमोर येतात, नव्वद मिनिटं धावतात, आणि दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा मेंढ्यांबद्दल बोलू लागतात. अशा स्पर्धेचा इतिहास लिहायला माणूस एकतर फार हुशार लागतो, नाहीतर निवृत्त भूगोल शिक्षक. काचकिनबाय स्वतःला कधीच हुशार समजला नव्हता.

त्याच्या वह्यांत सगळं होतं. पाचव्या वर्षी एकाच संघाने दोन्ही स्पर्धा जिंकल्या आणि आता याने खेळायचं कुणाशी, यावर तीन आठवडे खल झाला. शेवटी उपविजेत्यांना निरोप धाडला, तर अर्धा संघ लग्नाला गेलेला. सातव्या वर्षी मार्चमध्ये इतका बर्फ पडला की चेंडूला लाल रंग द्यावा लागला, आणि सामना संपला तेव्हा चेंडू पांढरा आणि बावीस खेळाडू लाल झाले होते. अकराव्या वर्षी चषकच हरवला. तो एका माजी कर्णधाराच्या तंबूत सापडला, त्याच्या आईने त्यात घोडीचं दूध आंबवायला घातलं होतं. दूध नीट आंबेपर्यंत म्हातारीने चषक परत दिला नाही.

पहिल्या वर्षापुढे मात्र एकच ओळ होती. "मालची शून्य, तेमिरजोल एक. एकोणनव्वदाव्या मिनिटाला मालचीचा बचावपटू शेराली जागा सोडून पुढे गेल्यामुळे गोल." ही ओळ सामन्याच्या दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या वर्तमानपत्रात आली, तिथून वार्षिक अंकात गेली, तिथून सगळीकडे. लिहिली होती काचकिनबायनेच. मालचीच्या गोलात त्या दिवशी तो स्वतःच उभा होता. ओळीत ते नव्हतं, आणि जे होतं ते धादांत खोटं होतं.

काचकिन म्हणजे पळपुटा. आजोबा सैन्याच्या भीतीने डोंगर ओलांडून पळाले, त्याची आठवण म्हणून घरात हे नाव चालत आलं होतं. आजोबांनी निदान घोड्यावर बसून पळ काढला होता, नातवाने खुर्चीत बसून काढला. हे काचकिनबाय स्वतःलाच अधूनमधून सांगायचा, आणि त्यावर हसायलाही तोच एकटा असायचा.

पंचविसावा सुपर कप बालिकचीतच व्हायचा होता. त्याच्या दोन आठवडे आधी राजधानीहून आइजारकन नावाची मुलगी त्याच्या घरी आली. स्पर्धेच्या इतिहासाची पुस्तिका काढायचं काम तिच्याकडे होतं. काचकिनबायची बायको बुरुलसुन हिने तिच्यापुढे चहा, कणकेचे तळलेले बोरसोक आणि धुरी दिलेला मासा ठेवला.

"आगाय," आइजारकन म्हणाली, कारण गुरुजींना तिथे आगाय म्हणतात, "बाकीची पानं झकास झालीत. ते घोडीच्या दुधाचं वाचून आमचा छपाईवाला खुर्चीतून पडला. पण पहिलं पान अगदीच कोरडं आहे. तुम्ही तर मैदानात होतात ना?"

"होतो की. अगदी मधोमध."

"मग जरा रंगवून सांगा."

"वारा होता," काचकिनबाय म्हणाला.

"इथे वारा कधी नसतो?" बुरुलसुन समोवारमागून म्हणाली. "पोरीने तीन तास प्रवास केलाय, तिला हवामान काय सांगता!"

आइजारकन हसली. "मी शेराली आजोबांकडेही गेले होते आमंत्रण द्यायला. ते येणार नाही म्हणाले. त्यांची नात शाळेच्या संघात मागे खेळते, माहीतय? तिच्याकडून चेंडू सुटला की पोरं ओरडतात, 'बोओमची नात! बोओमची नात!' म्हातारा त्या दिवशी मैदानातून उठून गेला."

बोओम ही शहराच्या पश्चिमेची खिंड. उलान वारा तिथून सुटतो तो थेट बालिकचीवर येतो, मध्ये त्याला अडवणारं काही नाही. वर्तमानपत्रातली ती ओळ वाचून कुणीतरी शेरालीला बोओम म्हणालं आणि ते नाव त्याला चिकटलं. आता ते तिसऱ्या पिढीपर्यंत पोचलं होतं.

"माझ्याबद्दल काही म्हणाला का?" काचकिनबायने विचारलं.

"म्हणाले, 'इतिहासकारसाहेबांना विचारा, त्यांना सगळं ठाऊक आहे. आपला सलाम सांगा त्यांना.' फार आदराने बोलतात हो तुमच्याबद्दल."

बुरुलसुनने बशी जरा जास्तच जोरात ठेवली.

तो आदर हेच तर दुखणं होतं. काचकिनबाय आणि शेराली एकाच वसंतात, एकाच गल्लीत जन्मले होते, म्हणजे एकमेकांचे कुर्दाश होते. कुर्दाशाने कुर्दाशाला वाटेल ते बोलावं, त्याच्या लग्नात त्याच्या नाकावरून गाणं रचावं, आणि दुसऱ्याने ते हसत ऐकून सव्याज परत करावं, अशी तिथली रीत. शेराली त्याला कधी वाकडा खांब म्हणायचा, कधी भोक पडलेली पखाल. वर्तमानपत्र आलं त्या दिवसापासून शेराली रस्त्यात भेटला की छातीवर हात ठेवून विचारायचा, "आपण बरे आहात ना?" चोवीस वर्षं. मारामारी झाली असती तर चार दिवसांत मिटली असती. या 'आपण'शी कसं भांडायचं, हे काचकिनबायला अजून समजलं नव्हतं.

आणि तो एका 'तू'साठी आसुसला होता. हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

घडलं होतं ते असं. पहिल्या सुपर कपला सगळं शहर लोटलं होतं. काचकिनबाय आणि शेराली दोघेही अडतीस वर्षांचे, संघातले म्हातारे. सामन्याआधी शेरालीचे वडील मोल्दोकुल मैदानात आले. भर लोकांत स्वतःच्या पोराचा मान करणं त्यांना बरं वाटेना, म्हणून त्यांनी पोराच्या कुर्दाशाच्या डोक्यावर नवाकोरा पांढरा कलपाक चढवला आणि आशीर्वाद दिला. इतक्या उंच लोकरी टोपीत गोल राखता येत नाही. पण असा कलपाक जमिनीवर ठेवायचा नसतो आणि दुसऱ्याच्या हातातही द्यायचा नसतो, आपलं नशीब त्याच्याबरोबर जातं म्हणतात. शिवाय राखीव गोलरक्षक आधीच काचकिनबायच्या जागेवर डोळा ठेवून होता, त्याला वर नशीब कशाला द्या? म्हणून त्याने कलपाक गोलच्या जाळीच्या आकड्याला, खांबाजवळ उंच अडकवला. जन्मभर मुलांना उलान वाऱ्याचा वेग पाठ करायला लावणाऱ्या माणसाने टोपी उघड्यावर टांगली.

उत्तरार्धात उलान सुटला. धूळ इतकी की प्रेक्षक डोळे मिटून सामना बघत होते. एकोणनव्वदाव्या मिनिटाला तेमिरजोलच्या कुणीतरी लांबून चेंडू लाथाडला. चेंडू दमलेला होता, उड्या मारत रमतगमत येत होता. शेराली तो अडवायला मागे वळला, तर काचकिनबायच ओरडला, "जा तू पुढे! हा माझा आहे!" शेराली पुढे पळाला. काचकिनबायने हात पसरले, आणि त्याच क्षणी आकड्यावरून कलपाक सुटला.

विचार करायला वेळ असता तर त्याने योग्य तेच केलं असतं, अशी त्याने पुढे स्वतःची बरीच समजूत घातली. खरं म्हणजे त्याने विचार केलाच नाही. मोल्दोकुलांचा कलपाक मातीत पडणार एवढंच त्याला दिसलं. त्याने उडी मारून तो झेलला, आणि तोही दोन्ही हातांनी, वडीलधाऱ्यांकडून वस्तू घेतात तसा. चेंडू त्याच्या पायांमधून आत गेला आणि जाळीपर्यंत जायचा कंटाळा करून रेषेपलीकडेच थांबला.

धुळीत कुणाला काही दिसलं नाही. मोल्दोकुल गोलामागच्या बाकावरच बसले होते, पण त्यांना तसंही कमी दिसतं असं सगळे म्हणायचे. वर्तमानपत्रात खेळाची बातमी काचकिनबायच द्यायचा. संपादकाने विचारलं, गोल झाला कसा? काचकिनबायने पेन उचललं आणि पळ काढला.

"उद्या सकाळी लिहून पाठवतो," तो आता आइजारकनला म्हणाला.

सकाळी त्याने लिहिलं, "प्रतिकूल हवामानात गोलरक्षकाचं लक्ष शिरोवस्त्राकडे वेधलं गेल्याने चेंडूच्या मार्गाबाबत काहीसा गोंधळ उत्पन्न झाला."

बुरुलसुनने कागद हातात घेतला. "शिरोवस्त्र कुणाचं?"

"गोलरक्षकाचं."

"गोलरक्षक कोण?"

"तेवढं ओघाने कळतं."

"कुणाला? मला कळतं, मी तुमच्याबरोबर जेवते म्हणून. चोवीस वर्षं मी त्या कलपाकाला कसर लागू दिली नाही. आणि तुम्ही तुमच्या त्या एका ओळीचं काय करून ठेवलंय बघा." ती कागद त्याच्यापुढे ठेवून कणीक मळायला गेली.

त्याने दुसरा मजकूर लिहिला, त्यात वाऱ्याचा ताशी वेग होता. तिसऱ्यात कलपाकाची थोर परंपरा होती आणि गोल तिसऱ्या परिच्छेदात होता. चौथ्यात गोलरक्षक जवळजवळ हुतात्माच झाला होता. ते वाचून त्याला स्वतःलाच हसू आलं, आणि हसता हसता लाज वाटली. मग त्याने पाचवा कागद घेतला आणि वर्गात पोरांना सांगायचा तसं एक वाक्य, एक गोष्ट, असं लिहून काढलं.

"पहिल्या सुपर कपमधला एकमेव गोल गोलरक्षक काचकिनबायमुळे झाला. चेंडू येत असताना तो वाऱ्याने उडालेला कलपाक दोन्ही हातांनी झेलत होता. शेरालीला पुढे जायला त्यानेच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात खोटं लिहिलं तेही त्यानेच. शेरालीची काहीही चूक नव्हती."

आइजारकनचा दुपारी फोन आला. बराच वेळ नुसता हसू दाबल्याचा फसफस आवाज येत होता. "आगाय, हे... हे खरंच छापू?"

"छाप."

"सामन्याआधी कर्ण्यावरून वाचायचं ठरलंय पहिलं पान. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल."

काचकिनबायने खिडकीबाहेर पाहिलं. मैदानाने एवढं सगळं ऐकल्यावर पळायला नवा डोंगर शोधावा लागला असता, आणि त्याचे गुडघे आता डोंगर चढण्याजोगे राहिले नव्हते. "वाचा," तो म्हणाला. "मग शेरालीला पुन्हा एकदा बोलावणं धाड. नातीलाही."

सामन्याच्या दिवशी तो तोच कलपाक घालून पहिल्या रांगेत बसला, वारा होता म्हणून दोन्ही हातांनी डोक्यावर धरून. शेजारची जागा रिकामी होती. कर्ण्यावर निवेदकाने पहिलं पान वाचायला घेतलं. 'कलपाक दोन्ही हातांनी' इथे आल्यावर त्याचा आवाज फुटला, त्याने खोकून पुन्हा सुरुवात केली, आणि दुसऱ्यांदा ऐकून मैदान हसायला लागलं. ते हसू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं आणि परत आलं. पुढच्या बाकावरची एक म्हातारी मुद्दाम वळून त्याचा चेहरा बघून गेली. काचकिनबायचे कान तापले. पण शेवटचं वाक्य आलं तेव्हा लोक गप्प झाले. माना हळूहळू एका बाजूला वळल्या. फाटकापाशी शेराली उभा होता, नातीचा हात धरून.

तो सावकाश चालत आला. काचकिनबाय उठायला लागला.

"सरक," शेराली म्हणाला.

'सरक' म्हणाला की 'सरका'? शेवटचा काना उलान वाऱ्याने उडवून नेला असला तर? तो बाकावर सरकला आणि वाट बघत राहिला.

शेराली बसला. त्याने काचकिनबायच्या डोक्यावरचा कलपाक दोन्ही हातांनी उतरवला, आतली शिवण बोटांनी चाचपली आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"बाबांनी सगळं पाहिलं होतं," तो म्हणाला. "घरी येऊन म्हणाले, तुझ्या कुर्दाशाने गोल खाल्ला पण माझा कलपाक मातीत पडू दिला नाही. चार माणसांत ओरडून सांगावंसं वाटतं, म्हणाले. पण तू तोंड उघडू नकोस, तो स्वतःच सांगेल. पुढच्या हिवाळ्यात वारले. मरतानाही विचारलं, सांगितलं का रे त्याने?"

धूळ होती, पण काचकिनबायचे डोळे धुळीने भरले नव्हते. "शेराली, मी..."

"गप्प बस." शेरालीने कलपाक त्याच्या डोक्यावर परत दाबून बसवला, कानांपर्यंत. मग चोवीस वर्षं अडवून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "पण भोक पडलेल्या पखाली, चेंडू सरपटत येत होता रे! तुला दोन पाय नव्हते का, गाढवा?"