लूटीमावशी कादंबरीत

ओझेला टार्प्लीची पहिली कादंबरी छापून आली, तेव्हा शिकागोच्या आमच्या दक्षिण भागात तिची दवंडी पिटली ती तिच्या लूटीमावशीने. न्हाव्याच्या दुकानात, मासळीवाल्याकडे, लाँड्रीतल्या बायकांत, जाईल तिथे पुस्तक काखेत. "आमच्या पोरीनं लिहिलंय. घ्या, वाचून बघा."

ओझेलाची आई मिसिसिपीत वारली तेव्हा पोर सहा वर्षांची होती. मावशी तिला आगगाडीत घालून इकडे घेऊन आली आणि लाँड्रीत शर्टांना इस्त्री करत तिला वाढवलं. ओझेला कविता करायला लागली ती शाळेपासून. तिचे दोन संग्रह निघाले, आमच्या काळ्या लोकांच्या वर्तमानपत्रांनी त्यातल्या कविता छापल्या, चर्चच्या तळघरात तिने त्या वाचल्या की माणसं डोळे पुसत. पण वस्तीबाहेर तिला कुणी ओळखत नव्हतं. कादंबरी मात्र थेट न्यूयॉर्कपर्यंत पोचली. तिथल्या लोकांना त्यातली डोव्ही नावाची बाई फार आवडली.

ही डोव्ही म्हणजे लूटीमावशी. मावशीला अक्षर येत नव्हतं, आणि हे ओझेलाशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. दुकानात डब्यावरचं नाव वाचायची वेळ आली की मावशी म्हणायची, "चष्मा घरी राहिला बाई." चष्मा तिला नव्हताच. चर्चमध्ये ती दारावरची मुख्य सेविका. पांढरे हातमोजे घालून लोकांना जागा दाखवायची, गीतपुस्तकं वाटायची, आणि गाणी सगळी तोंडपाठ असल्यामुळे तिचं पुस्तक कुठलंही पान उघडं असलं तरी चालून जायचं. घरी आलेले कागद लहानगी ओझेला वाचून दाखवायची. मावशी दर वेळी म्हणायची, "घरातलं घरात राहू दे, पोरी."

कादंबरी लिहिताना ओझेलाने नाव बदललं, गाव बदललं, लाँड्रीच्या जागी हॉटेलचं स्वयंपाकघर केलं. डोव्हीचं अक्षर न येणं आणि चष्म्याचं वाक्य तेवढं तसंच राहिलं. ते वाक्य इतकं जमलं होतं की तिला काढवेना.

चर्चने तिचा सत्कार ठेवला. तळलेलं चिकन, कोलार्डच्या पाल्याची भाजी, मक्याचा पाव, सगळं मांडलेलं. मावशी नवी टोपी घालून पहिल्या रांगेत बसली होती. जेवणं झाली तशी तिच्यासारखीच चर्चमधली एक बाई, सिस्टर युलॅली गेन्स, ताट हातात घेऊन तिच्यापाशी आली.

"काय सिस्टर लूटी, आज चष्मा आणलास की राहिला घरीच?"

भोवतालच्या बायका हसल्या. मावशीही हसली, पण मग एकेकीच्या तोंडाकडे पाहत राहिली.

घरी जाताना तिने विचारलं, "त्या का हसल्या गं?"

"युलॅलीबाईंचा स्वभाव तुला माहीत नाही का?" ओझेला म्हणाली. एवढं बोलून ती पुढे चालू लागली, आणि मावशी गुडघेदुखीमुळे मागे पडली तरी थांबली नाही. मावशीच्या शेजारून चालण्याचं धैर्य तिच्यात उरलं नव्हतं.

आठवडाभर मावशी पुस्तक घेऊन फिरतच होती. शेवटी शनिवारी दुपारी ओझेलाने ते तिच्या हातातून काढून घेतलं. "मावशी, बस जरा. मी तुला वाचून दाखवते."

"मला इस्त्री आहे. तू वाच, मी ऐकते."

ओझेला वाचू लागली. चष्म्याचं वाक्य आलं तसा मावशीचा हात थांबला. मग तिने शर्ट उलटा केला आणि पुन्हा इस्त्री फिरवू लागली. "पुढं वाच."

पुढे डोव्ही चर्चमध्ये गीतपुस्तक उलटं धरून गाते आणि एक मुलगी हळूच ते सुलटं करते, असा प्रसंग होता.

"उलटं मी कधी धरलं नव्हतं," मावशी म्हणाली.

"नाही, मावशी."

"मग असं का लिहिलंस?"

ओझेलाला खोटं सुचलं नाही. "लोक हसतील म्हणून."

"हसले की."

मावशीने शर्टाची घडी घातली, दुसरा घेतला. रडली नाही, ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं ओझेलाला वाटलं. संध्याकाळी मावशीने पांढरे हातमोजे धुवून वाळवले आणि तिच्या हातात दिले. "उद्या चर्चमध्ये देऊन ये. मी येत नाही."

दारातच सिस्टर युलॅली भेटली. हातमोजे बघून तिचा चेहरा उतरला. "अगं, मला वाटलं तिला ठाऊक आहे. पुस्तक तर तीच सगळ्यांना दाखवत फिरत होती ना? म्हटलं, आता ती स्वतःच हसण्यावारी नेतेय. तू तिला सांगितलंच नव्हतंस?"

ओझेलाने हातमोजे तिच्या हातात ठेवले.

त्या हिवाळ्यात मावशी घरीच राहिली. युलॅली दोनदा सूप घेऊन आली आणि माफी मागून गेली. मावशीने तिला माफ केलं, बसवून घेतलं, कॉफी दिली. ईस्टरला ती पुन्हा चर्चमध्ये आली आणि शेवटच्या बाकावर बसली. कुणी गीतपुस्तक पुढे केलं तेव्हा म्हणाली, "मला वाचता येत नाही. गाणं कुठलं ते सांगा, मी म्हणते." आणि खणखणीत आवाजात गायली. बायका तिच्याकडे कौतुकाने पाहत होत्या. ओझेला शेजारी बसून आपल्या बुटांकडे पाहत होती.

पुढे ओझेलाला मानसन्मान मिळाले, एका कॉलेजात शिकवायला बोलावलं. आणखी कवितासंग्रह निघाले, दुसरी कादंबरीही आली. त्या कादंबरीत आमच्या गल्लीतलं कुणी नव्हतं, आणि ती फारशी कुणी वाचली नाही. मावशीने तिच्याशी अबोला धरला नव्हता. तिच्या आवडीचं रांधायची, आजारी पडली की उशाशी बसायची. फक्त मिसिसिपीच्या गोष्टी तिला सांगेनाशी झाली. पूर्वी इस्त्री करताना तासन्‌तास सांगायची. आता शेजारणींना सांगायची, आणि ओझेला आत आली की हवापाण्याचं बोलू लागायची.

म्हणून ओझेला जिना चढताना दोन-तीनदा मोठ्याने खोकायची, आणि आतला आवाज थांबल्यावर मगच दार उघडायची.